व्यापाराचे नवे शिक्कामोर्तब

व्यापार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम माल उभा राहतो. धान्याची पोती, कापडाचे तागे, फळांच्या पेट्या, तराजू आणि मापे! परंतु थोडा विचार केला तर असे दिसून येईल की, व्यापाराचा खरा पाया मालावर नसून विश्वासावर आहे. आपण दिलेल्या पैशांचा पुरा मोबदला मिळेल, असा भरवसा ग्राहकास वाटला पाहिजे. आणि पाठविलेल्या मालाचे पैसे आपल्या हाती पडतील, अशी खात्री विक्रेत्यास असली पाहिजे. हा विश्वास म्हणजेच व्यापाऱ्याची पत होय. दोघे समोरासमोर असतात तेव्हा पत राखणे फारसे अवघड नसते. ग्राहक माल पारखून घेतो, दुकानदार नाणे वाजवून घेतो आणि व्यवहार पुरा होतो. परंतु विकणारा एका गावी आणि घेणारा शेकडो कोसांवर असला, म्हणजे प्रश्न बिकट होतो. वाटेत निरोप बदलला तर? पैसे भलत्याच्याच हाती पडले तर? पत्र लिहिणारा मुळी तो नव्हेच, असे निघाले तर?

हे प्रश्न काही आजचे नाहीत. आपल्या देशातील व्यापाऱ्यांनी त्यांवर फार पूर्वीच हुंडीचा उपाय शोधून काढला होता. एका गावच्या पेढीवर पैसे भरून चिठ्ठी घ्यावयाची आणि दुसऱ्या गावच्या पेढीवर ती दाखवून पैसे मोजून घ्यावयाचे, ही ती पद्धत. त्यामुळे रोकड बरोबर घेऊन आडरानातून प्रवास करण्याचा धोका टळत असे. हुंडी वाटेत हरवली, तर तिच्याऐवजी दुसरी लिहून देत; तिला ‘पेठ’ म्हणत. तीही गहाळ झाली, तर तिसरी मिळे. तिचे नाव ‘परपेठ’. राज्यकारभारातील पत्रांचीही अशीच काळजी घेतली जाई. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे. त्यावरून ते कोणाचे, हे कळे. पत्राच्या शेवटी मोर्तब असे. त्यावरून मजकूर तेथेच संपला, हे ठरे आणि पुढे कोणास एक अक्षरही घुसडता येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा आपल्या नित्याच्या बोलण्यातील शब्द या दोहोंवरूनच आला आहे.

आज व्यापाराचे निरोप कागदावरून क्वचितच जातात. ते इंटरनेटवरून, म्हणजे जगभरातील यंत्रांना परस्परांशी जोडणाऱ्या आंतरजालावरून जातात. या आंतरजालाने लहान व्यावसायिकांस दूरच्या बाजारपेठेचा रस्ता मोकळा करून दिला, हे तर सर्वजण सांगतात. परंतु माझे मत असे आहे की, नुसता रस्ता मिळून त्यांचे कल्याण झाले नसते. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या निरोपास आणि पैशास संरक्षण मिळाले, म्हणूनच तो रस्ता त्यांच्या कामाचा झाला. आणि या संरक्षणाची गरज मोठ्या पेढ्यांपेक्षाही लहान व्यावसायिकांस अधिक आहे. हे कसे, ते एका उदाहरणावरून पाहू.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुका हापूस आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. समजा, त्या तालुक्यातील एका लहान बागायतदाराची शंभर कलमे आहेत. थंडीत मोहोर येतो. तेव्हापासून फवारणी, राखण आणि काळजी यांत त्याचे महिने जातात. फळ उतरू लागले की सारा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. त्यातही आंबा हे नाशवंत फळ. पिकले की ते थांबत नाही. वर्षभराची मिळकत या थोड्या दिवसांत हाती आली तर आली. नाही तर पुढल्या वर्षापर्यंत वाट पाहावयाची!

पूर्वीपासून चालत आलेली पद्धत अशी की, बागायतदाराने पेट्या भरून मुंबईच्या, आणि पुढे वाशीच्या, बाजारात अडत्याकडे पाठवावयाच्या. अडत्या त्या विकतो. वाहतूक आणि हमाली वजा करतो, पूर्वी आपली दलालीही वजा करी, आणि उरलेल्या रकमेचा हिशेब, म्हणजे ‘पट्टी’, बागायतदारास पाठवितो. या पद्धतीची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. शेकडो पेट्या एका दिवसात खपविणे हे सोपे काम नव्हे. शिवाय अडचणीच्या वेळी उचल देऊन अडत्यांनी अनेक कुटुंबांस हातही दिला आहे. तथापि, एक उणीव होतीच. भाव ठरे त्या वेळी बागायतदार तेथे नसे. फळांच्या आणि जनावरांच्या बाजारांत रुमालाखाली हातात हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची चाल पुष्कळ काळ होती. तेथेही गुप्तता होती. परंतु ती कोणासाठी? ज्याचा माल, तोच कित्येकदा त्या गुपिताच्या बाहेर राही! हा रुमाल आपण ध्यानात ठेवू. कारण पुढे त्याच्याशी तुलना करावयाची आहे.

आता आपल्या बागायतदाराने आंतरजालावर स्वतःचे एक पान तयार केले. त्यावर त्याने बागेची माहिती, फळाचा आकार, डझनाचा भाव आणि पेटी केव्हा पोचेल, हे सारे लिहिले. पुण्यातील एका ग्राहकाने ते पान उघडले, दोन पेट्यांची मागणी नोंदविली, आपला पत्ता लिहिला आणि पैसे पाठविले. काही क्षणांत देवगडच्या बागायतदाराच्या फोनवर ती मागणी दिसू लागली. हे घडले तरी कसे?

यामागची कल्पना मोठी मनोरंजक आहे. आंतरजालावरून जाणारा निरोप अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर तो कोठून निघाला, कोठे जावयाचा आणि त्याचा क्रमांक कितवा, हे लिहिलेले असते. फोनमधून निघालेले हे तुकडे रेडिओ-लहरींवरून जवळच्या मनोऱ्यापर्यंत जातात. तेथून केसासारख्या बारीक काचतंतूंमधून प्रकाशाच्या रूपाने पुढे धावतात. वाटेतील यंत्रे पत्ता वाचून त्यांस मार्ग दाखवितात. सर्व तुकडे एकाच वाटेने जातील, असेही नाही. मुक्कामी पोचल्यावर क्रमांकांनुसार ते पुन्हा जोडले जातात. एखादा तुकडा वाटेत हरवला, तर पाठविणारे यंत्र तो पुन्हा पाठविते. आपल्या ‘पेठ’ आणि ‘परपेठ’ यांची येथे आठवण होते की नाही?

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. अमेरिकेत २९ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन दूरच्या संगणकांमध्ये पहिला निरोप पाठविण्याचा प्रयत्न झाला. शब्द होता ‘लॉगिन’. त्याच्या इंग्रजी लेखनातील पहिली दोन अक्षरे पोचली आणि यंत्रणा बंद पडली! पुढे व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोन शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या जाळ्यांना एकमेकांशी बोलता यावे, म्हणून समान नियम तयार केले; ते १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी १९८३ पासून त्या अमेरिकन जाळ्यावर लागू झाले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत परस्परांशी जोडलेल्या पानांची कल्पना मांडली. तिच्यातूनच आजची संकेतस्थळे निर्माण झाली. भारतात सामान्य नागरिकांसाठी ही सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली.

येथवर रस्त्याची गोष्ट झाली. आता धोक्याची पाहू. निरोपाचे तुकडे अनेक यंत्रांच्या हातून जातात, हे आपण पाहिले. ते उघडे असतील, तर ती पोस्टकार्डासारखीच गत! ज्याच्या हातून पोस्टकार्ड जाईल, त्याने ते वाचावे. मनात आणले तर दोनाचे वीस करावे किंवा एका खात्याच्या क्रमांकाऐवजी दुसरा लिहावा. अशा उघड्या वाटेने कोणता शहाणा ग्राहक आपले पैसे पाठवील? आणि अनोळखी बागायतदारावर तरी कसा विश्वास ठेवील?

म्हणून दूरच्या व्यवहारास तीन गोष्टींची आवश्यकता असते. पहिली, निरोप ज्यास पाठविला त्याच्यावाचून अन्य कोणास तो वाचता येऊ नये, ही गुप्तता. दुसरी, पलीकडचा पक्ष खरोखर तोच आहे, याची खूण पटावी, हा शिक्का. तिसरी, वाटेत निरोपात काडीचाही बदल झाला, तर तो तत्काळ उघडकीस यावा, हे मोर्तब. आंतरजालावरील सुरक्षित दळणवळण म्हणजे या तिन्हींची एकत्र योजना होय.

सांकेतिक लेखनाची विद्या तशी फार जुनी आहे. प्राचीन चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ या नावाने तिचा उल्लेख येतो. रोमचा जूलियस सीझर आपल्या गुप्त पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतील तीन घरे पुढचे अक्षर लिहीत असे. परंतु या जुन्या विद्येत एक मोठी अडचण होती. संकेताची किल्ली दोघांजवळही असावी लागे, आणि ती आधी कोणाच्या तरी हाती पोचवावी लागे. देवगडच्या बागायतदाराने पुण्या-नागपुराच्या शेकडो अपरिचित ग्राहकांच्या घरी जाऊन किल्ल्या वाटाव्यात काय?

या अडचणीतून वाट दाखविणारी कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी तशा प्रकारचे एक प्रत्यक्ष कुलूप तयार केले. त्याचे मर्म असे सांगता येईल. दाबले की बंद होणारे कुलूप तुम्ही पाहिलेच असेल. ते बंद करावयास किल्ली लागत नाही; उघडावयास मात्र लागते. एखाद्याने अशी उघडी कुलुपे साऱ्या जगास वाटली आणि त्यांची किल्ली स्वतःच्या घरीच ठेवली, तर काय होईल? कोणीही पेटीत निरोप घालून ते कुलूप दाबावे. पेटी उघडणार मात्र एकटा धनीच! किल्ली प्रवासास निघतच नाही, मग ती वाटेत चोरीस जाणार कशी?

संगणकातील हे कुलूप लोखंडाचे नसते, गणिताचे असते. एकसष्ट आणि त्रेपन्न यांचा गुणाकार करा. कागद-पेन्सिल घेतली तर क्षणात उत्तर येईल : ३२३३. परंतु ३२३३ हीच संख्या देऊन ‘हिचे दोन अवयव शोधा’, असे तुमच्या मित्रास सांगा. त्याचा बराच वेळ जाईल. या कुलपात वापरतात त्या संख्या तर सहाशेहून अधिक अंकांच्या असतात! त्यांचे अवयव शोधणे आजच्या संगणकांच्याही आवाक्याबाहेरचे आहे. कुलपांचे इतरही प्रकार वापरात आहेत. पण करावयास सोपे आणि उलगडावयास महाकठीण, हे तत्त्व त्या सर्वांचेच आहे.

राहिली ओळख. त्यासाठी आंतरजालावरील पानास प्रमाणपत्र असते. त्या पत्त्यावर ज्याचा ताबा आहे, त्याच्याकडेच ही किल्ली आहे, अशी ग्वाही एखादी मान्यताप्राप्त संस्था त्या प्रमाणपत्राने देते. तुमचे यंत्र पान उघडण्यापूर्वी ते तपासून पाहते आणि काही खोट आढळली तर इशारा देते. एके काळी अशा प्रमाणपत्रासाठी वर्षाकाठी पैसे मोजावे लागत. त्यामुळे लहान व्यावसायिक त्यावाचूनच राहत. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा तत्त्वावरील उपक्रमाने २०१५ साली ही प्रमाणपत्रे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. मुंबई शहर १८७० सालीच समुद्रतळातील तारेने इंग्लंडशी जोडले गेले होते; परंतु त्या तारेचा लाभ कोणास झाला? सरकारास आणि बड्या व्यापाऱ्यांस! तारायंत्रावरील कारकुनांस मजकूर कळू नये, म्हणून मोठ्या पेढ्या सांकेतिक शब्दांचे कोश वापरीत. म्हणजे वेगही श्रीमंतांचा आणि गुपितही श्रीमंतांचे. आज जे कुलूप एखाद्या बलाढ्य बँकेच्या दारास आहे, त्याच जातीचे कुलूप देवगडच्या शंभर कलमांच्या धन्यासही लावता येते.

पैशांच्या बाबतीतही तसेच घडले. २००८ साली स्थापन झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने २०१६ साली यूपीआय ही व्यवस्था सुरू केली. तीमुळे एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात फोनवरून तत्काळ पैसे पाठविता येऊ लागले. भाजीवाल्याच्या गाडीवर आणि चहाच्या टपरीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जी चौकट तुम्ही पाहता, ती या व्यवस्थेचीच खूण. तीत पैसे कोणाच्या खात्यात जावयाचे, एवढेच सांकेतिक रूपाने लिहिलेले असते. पैसे देणाऱ्याचा गुप्त अंक, म्हणजे पिन, कुलूपबंद होऊन त्याच्या बँकेकडे जातो. दुकानदारास तो दिसतही नाही. पट्टीची वाट पाहत राहण्याऐवजी आपल्या बागायतदाराच्या हाती त्याच दिवशी रक्कम पडते. तीतून तो पेंढ्याचे, खोक्यांचे आणि मजुरांचे पैसे चुकते करतो. लहान धंद्याला मोठ्या नफ्याइतकीच वेळेवर आलेल्या पैशाची गरज असते, हे घरचा हिशेब पाहणाऱ्या कोणासही पटेल.

आता त्या रुमालाकडे वळू. रुमालही झाकतो आणि हे कुलूपही झाकते. मग दोहोंत भेद कोणता? रुमालाखाली भाव ठरे तेव्हा मालाचा धनी गुपिताच्या बाहेर असे. नव्या व्यवस्थेत विकणारा आणि घेणारा हे दोघेही गुपिताच्या आत असतात; बाहेर राहतो तो आगंतुक. भाव तर पानावर उघडच लिहिलेला असतो. झाकलेला असतो तो ग्राहकाचा पत्ता, त्याचा गुप्त अंक आणि पैशांचा मार्ग. गुप्तता ही स्वतः चांगली नसते की वाईटही नसते. ती कोणास आत घेते आणि कोणास बाहेर ठेवते, यावरून तिची योग्यता ठरवावी.

कोणी म्हणेल, “लहान माणसाने या भानगडीत पडावे तरी कशाला? रोख पैसे, ओळखीचा ग्राहक आणि उंबऱ्यावरचा व्यवहार हेच बरे.” या म्हणण्यात तथ्य नाही, असे नाही. रोखीचा व्यवहार आजही चालतो आणि तो चालावा. वीज गेली, जाळे बंद पडले, तर रोकडच उपयोगी पडते. परंतु उंबऱ्यावर येणारे ग्राहक मोजके असतात आणि हंगामाचे दिवसही मोजके असतात. दूरच्या ग्राहकाशी स्वतः बोलण्याची सोय असताना ती भीतीपोटी नाकारणे, म्हणजे नदीला पूर येतो म्हणून पूल न बांधणे होय. पूल बांधावा, मात्र त्याला कठडे असावेत.

याउलट दुसरे कोणी म्हणतील, “यंत्राने कुलूप लावले आहे ना? मग आता निश्चिंत झोपावे!” हे मत मला पहिल्याहूनही अधिक घातक वाटते. पत्त्याजवळ दिसणारी कुलपाची खूण एवढेच सांगते की, तुमचा निरोप पलीकडच्या पक्षाकडे सुरक्षित पोचेल. तो पक्ष प्रामाणिक आहे, असे ती सांगत नाही. चोरही आपल्या दारास उत्तम कुलूप लावू शकतो! आपल्या बागायतदाराच्या बागेची छायाचित्रे चोरून, नावात एखादे अक्षर बदलून कोणी दुसरेच पान तयार केले आणि ऐन एप्रिलमध्ये ग्राहकांकडून पैसे उकळले, तर काय होईल? ग्राहकांचे पैसे जातील, आणि पत मात्र ज्याने काहीच केले नाही त्या बागायतदाराची जाईल. मोठी पेढी असा आघात सोसून उभी राहते. लहान धंद्याचा मात्र एका हंगामातच कणा मोडतो. म्हणूनच मी म्हणतो की, सावधपणाची गरज लहानास अधिक आहे.

आजचे भामटे बहुधा गणिताचे कुलूप फोडीत नाहीत. ते माणसाच्या मनाचे कुलूप फोडतात. “तुम्हांला आगाऊ रक्कम पाठवितो, तेवढा पिन टाका,” असे कोणी गोड आवाजात सांगतो. येथे एकच नियम पाठ असावा : पैसे देण्यासाठी पिन लागतो, घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. कोणी ‘पैसे पाठविले’ असे सांगून स्वतःच्या फोनवरील खोटे चित्र पुढे करतो; दुकानदाराने त्या चित्रावर न विसंबता आपल्या खात्यात रक्कम जमा झाली की नाही, ते पाहावे. कोणी दुकानातील चौकटीवर गुपचूप आपली चौकट चिकटवितो. म्हणून रोज सकाळी दुकान झाडताना तीही तपासावी. पैसे देणाऱ्यानेही फोनवर दिसणारे नाव वाचून मगच पुढे जावे. लग्नाच्या निमंत्रणाच्या नावाखाली अनोळखी माणसाने पाठविलेली फाइल उघडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

चोरांपासून सावध राहणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे आपल्या स्वतःच्या शिस्तीचे आहे. घराची आणि तिजोरीची किल्ली कोणी एकच करीत नाही. तद्वतच प्रत्येक खात्याचा परवलीचा शब्द निराळा असावा. शक्य असेल तेथे दुहेरी पडताळणी, म्हणजे शब्दाबरोबरच दुसरीही खूण मागण्याची सोय, चालू ठेवावी. ग्राहकांच्या यादीची आणि हिशेबांची एक प्रत निराळ्या ठिकाणी असावी. फोन विहिरीत पडला, म्हणून धंदा विहिरीत पडता कामा नये!

ग्राहकांच्या यादीविषयी मात्र मला थोडे अधिक सांगावयाचे आहे. आपल्या बागायतदाराजवळ शेकडो लोकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक साठत जातात. ही माहिती त्याच्या मालकीची आहे काय? माझ्या मते नाही. ती त्याच्याजवळ ठेवलेली ठेव आहे. शेजाऱ्याने गावाला जाताना आपल्या घरी ठेवलेला डबा आपण उघडून पाहत नाही किंवा विकून टाकीत नाही. तीच रीत येथेही पाळली पाहिजे. भारताच्या संसदेने २०२३ साली व्यक्तींच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, तो याच विचाराने. संगणकावरील व्यवहारांस आणि त्यांतील गुन्ह्यांस लागू होणारा माहिती तंत्रज्ञान कायदा तर २००० सालीच झाला होता. तरीसुद्धा फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नये. आपल्या बँकेस आणि १९३० या मदत-क्रमांकावर ताबडतोब कळवावे; जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेतच अडविण्याची शक्यता अधिक.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी दुकान असेल, शेती असेल, शिवणकाम किंवा खानावळ असेल. घरातील वडीलधाऱ्या मंडळींस मालाची पारख तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. फोनची कळ मात्र कदाचित तुम्हांस अधिक ठाऊक असेल. अशा वेळी त्यांची थट्टा न करता, त्यांच्याजवळ बसून या गोष्टी समजावून द्याव्यात, आणि त्यांच्याकडून व्यापारातील खरेपणा शिकून घ्यावा. कारण कितीही मजबूत कुलूप असले, तरी ते पेटीत काय आहे ते बदलू शकत नाही. पेटीवर लिहिलेल्या आकाराचाच आंबा आत भरणे, सांगितलेल्या दिवशी ती पोचविणे आणि एखादे फळ नासके निघाले तर विनातक्रार भरपाई करणे, हे काम माणसाचेच आहे.

जुन्या काळी पत्रावर शिक्कामोर्तब होई, तेव्हा त्यामागे लिहिणाऱ्याचा शब्द उभा असे. आजचे शिक्कामोर्तब गणिताचे आहे आणि ते क्षणात होते. परंतु शब्द पाळणारा माणूस त्यामागे असेल, तरच त्याला मोल आहे. आंतरजालाने लहान व्यावसायिकास दूरची बाजारपेठ दिली, सुरक्षित दळणवळणाने तेथवरची वाट निर्धोक केली. त्या वाटेवर आपली पत निर्माण करणे आणि ती जपणे, हे मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.